पाटे वाढवता येतात, पासिंग नाही

नांदुरा : दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन आणि कापसाची आवक सुरू झाली, की जुन्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ वर (आताचा क्रमांक ५३) वसलेल्या या तालुक्याच्या गावात पिकअप वाहनांची वर्दळ वाढते. खेड्यातून बाजार समितीत, तेथून खामगाव किंवा मलकापूरकडे आणि परतीच्या फेरीत सिमेंट, खत, लोखंडी सळया असा या गाड्यांचा दिनक्रम असतो. मोठ्या ट्रकला गावातील अरुंद रस्त्यात शिरता येत नाही आणि ट्रॅक्टरला महामार्गावर वेग नसतो. या दोहोंमधील जागा पिकअपने भरून काढली आहे. मात्र भाडे पुष्कळदा फेरीवर न ठरता क्विंटलवर ठरते, आणि गाडीचा बँकेचा हप्ता तर दरमहा ठरलेलाच असतो. त्यामुळे नवी गाडी दारात उभी राहिली, की तिच्या मालकाच्या मनात लवकरच एक विचार येतो, मागचे पाटे वाढवून घेण्याचा.

हे काम सोपे आहे. मागच्या चाकांवरील कमानीच्या पाट्यांत एक-दोन जाड पाटे घालायचे, लांब यू-बोल्ट बसवायचे, हौद्याखाली जाड पत्रा मारायचा, फाळक्यांवर जाळी चढवून उंची वाढवायची. अर्ध्या दिवसात गाडी तयार होते. पूर्वी पंधरा क्विंटलला बसणारी गाडी आता पंचवीस क्विंटलला ताठ उभी राहते. डोळ्यांना दिसणारा हा ताठपणाच फसवा आहे. गाडी बसली नाही म्हणजे तिने वजन पेलले, असा समज त्यातून होतो. प्रत्यक्षात पाट्यांनी वजन पेललेले असते. ब्रेक, एक्सल, बेअरिंग, टायर आणि चासी यांनी नव्हे. आणि नोंदणीच्या कागदावरील आकडा तर तसूभरही हललेला नसतो.

पासिंग म्हणजे नेमके काय?

नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे बोलीतल्या आरसी बुकावर, दोन वजने नोंदलेली असतात. एक रिकाम्या वाहनाचे आणि दुसरे मालासह एकूण वजन. या दोहोंतील फरक म्हणजे गाडीला नेता येणारा भार. वाहतूकदार त्यालाच पासिंग म्हणतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५८ नुसार वाहतुकीच्या वाहनाची नोंदणी करताना रिकामे वजन, टायरांची संख्या, प्रकार व आकार, एकूण वजन आणि प्रत्येक एक्सलवर पडू शकणारे वजन या बाबी नोंदवाव्या लागतात. कायद्याने टायर, एक्सल आणि वजन एकाच कलमात आणले आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्या यादीत पाट्यांची संख्या कोठेही नाही.

याच कायद्यातील रिकाम्या वजनाची व्याख्या फार थोडे वाहनधारक वाचतात. वाहनासोबत नेहमी वापरात असणारी सर्व साधनसामग्री या वजनात धरली जाते. चालक आणि क्लीनर मात्र धरले जात नाहीत. म्हणजे ते दोघे कायद्याच्या दृष्टीने मालाच्याच बाजूला येतात. उदाहरणादाखल एखाद्या गाडीचे एकूण वजन ३,००० किलो आणि रिकामे वजन १,७०० किलो असेल, तर पासिंग १,३०० किलो झाले. त्यातून दोन माणसांचे १४० किलो वजा जाता १,१६० किलो उरतात. आता वाढवलेले पाटे, पुढचा लोखंडी गार्ड, हौद्याचा पत्रा आणि जाळ्या मिळून १२० किलो भरले, तर प्रत्यक्ष मालासाठी १,०४० किलो, म्हणजे साडेदहा क्विंटलदेखील उरत नाहीत. गाडी मजबूत करण्यासाठी पैसे मोजले आणि कायद्याने नेता येणारा माल एक क्विंटल २० किलोने घटला, असा हा व्यवहार आहे.

हा एकूण वजनाचा आकडा परिवहन कार्यालय स्वतःच्या मनाने लिहीत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार उत्पादकाला प्रत्येक नमुन्याची अधिकृत संस्थेकडून चाचणी करून घ्यावी लागते. अशा दोन संस्था महाराष्ट्रातच आहेत, पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था. तेथे ब्रेकची चाचणी गाडी पूर्ण भारित ठेवूनही घेतली जाते. चाचणीत जो भार सिद्ध झाला, तोच पुढे आरसीवर येतो.

गेल्या वीस वर्षांत हे आकडे बरेच चढले आहेत. टाटा मोटर्सने २००५ मध्ये आणलेल्या ‘एस’ची, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या छोट्या हत्तीची, भारक्षमता पाऊण टन होती. त्याच कंपनीची २०२२ मधील ‘योद्धा २.०’ दोन टनांची आहे. महिंद्रने २०२३ मध्ये ‘बोलेरो मॅक्स पिकअप’ १.३ टनांपासून २ टनांपर्यंतच्या निरनिराळ्या क्षमतांत बाजारात आणली. दुरून एकसारख्याच दिसणाऱ्या या गाड्यांत केवळ पाट्यांचा फरक असावा, असे अनेकांना वाटते आणि तेथूनच गल्लत सुरू होते. कंपनी क्षमता वाढवते तेव्हा पाटे, टायर, एक्सल, ब्रेक आणि चासी यांचा एकत्रित हिशेब करून पुन्हा चाचणी देते. गॅरेजमध्ये त्यांतील एकच भाग बदलला जातो.

पाटे वाढले, ब्रेक घटले

सर्वांत गंभीर आणि सर्वांत कमी ठाऊक असलेली बाब ब्रेकची आहे. ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढच्या चाकांवर झुकते. हौदा रिकामा असेल तर मागची चाके हलकी होतात आणि त्यांना पूर्ण दाब मिळाल्यास ती जाम होऊन गाडी आडवी फिरण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलजवळ भार ओळखणारा एक व्हॉल्व्ह बसवलेला असतो. गॅरेजमध्ये तो एलएसपीव्ही या नावाने ओळखला जातो. हा व्हॉल्व्ह वजन मोजत नाही. चासी आणि एक्सल यांच्यातील अंतर एका दांडीच्या साहाय्याने तो ओळखतो. माल भरला, पाटे दबले, अंतर कमी झाले, की तो मागच्या ब्रेकला अधिक दाब सोडतो. अंतर जास्त असेल तर गाडी रिकामी आहे असे समजून तो दाब रोखून धरतो.

आता जादा पाटे घातलेल्या गाडीत पंचवीस क्विंटल माल भरल्यावर काय घडते ते पाहावे. पाटे कडक असल्याने गाडी बसत नाही. अंतर कमी होत नाही. व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच असते. म्हणजे मागच्या चाकांवर सर्वाधिक वजन असताना मागच्या ब्रेकला सर्वांत कमी दाब मिळतो आणि थांबवण्याचा सारा बोजा पुढच्या ब्रेकवर येतो. चालकाला एवढेच जाणवते, की गाडी ‘लांब जाते’. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून त्या दांडीचीच जुळणी बदलली जाते. मग रिकाम्या फेरीत, पहिल्या पावसाच्या निसरड्या रस्त्यावर, मागची चाके जाम होण्याची व्यवस्था होते.

आकड्यांतही हे पाहता येते. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी तीन टनांची गाडी थांबवताना ब्रेकना सुमारे चार लाख १७ हजार ज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. तीच गाडी साडेचार टनांची झाली, तर ही ऊर्जा सव्वासहा लाखांवर जाते. ड्रम आणि लायनर मात्र तेवढेच असतात. सपाट महामार्गावर एखादे वेळी हे निभावून जाते. परंतु नांदुऱ्याहून मोताळामार्गे बुलडाण्याला जायचे तर राजूर घाट लागतो आणि बुलडाण्याहून खामगावला उतरायचे तर बोथ्याचा घाट आहे. उतारावर गिअरचा आधार न घेता केवळ ब्रेकवर गाडी उतरवली, तर दर १०० मीटर उंचीमागे तीन टनांची गाडी ६० च्या वेगातून सात वेळा थांबवण्याइतकी उष्णता ब्रेकमध्ये साठते. तापलेले लायनर पकड सोडतात, आणि घाटात पकड सुटली की पुढचे सांगण्याची गरज नाही.

कडक पाट्यांचा आणखी एक परिणाम उशिरा दिसतो. खड्ड्यातील धक्का मुळात पाट्यांनी वाकून गिळायचा असतो. ते वाकेनासे झाले की धक्का एक्सलच्या नळीला, बेअरिंगला आणि चासीला पाटे जोडणाऱ्या ब्रॅकेटना बसतो. तेथे आधी बारीक चीर पडते. वेल्डिंग करून ती बुजवली जाते आणि काही महिन्यांनी शेजारीच दुसरी चीर पडते.

माल किती, तसाच कोठे

एकूण वजन मर्यादेत असूनही गाडी धोकादायक होऊ शकते. सळया, पाइप, बांबू असा लांब माल मागचा फाळका उघडून भरला, की वजनाचा मोठा भाग मागच्या चाकांच्याही मागे जातो. दोन्ही एक्सलमधील अंतर तीन मीटर धरले आणि मागच्या एक्सलपासून एक मीटर मागे ३०० किलो ठेवले, तर पुढच्या चाकांवरील १०० किलो वजन उचलले जाते आणि मागच्या एक्सलवर ३०० नव्हे तर ४०० किलो पडतात. तराजूच्या दांडीचाच हा हिशेब आहे. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटू लागते आणि वळणावर गाडी हाताला दाद देत नाही. कापसाची अडचण निराळी. तो वजनाला हलका पण आकाराने मोठा असल्याने उंच रचला जातो. तेथे पासिंग ओलांडले जाण्यापेक्षा गाडी उलटण्याची भीती अधिक असते. हौद्याबाहेर बाजूला, मागे, पुढे किंवा मर्यादेपेक्षा उंच गेलेल्या मालासाठी कायद्यात वेगळा २० हजार रुपयांचा दंड आहे, तो याचसाठी.

टायरच्या बाजूवर आकाराच्या आकड्यांनंतर आणखी एक आकडा असतो, तो भारांक. १०० हा भारांक म्हणजे एका टायरवर ८०० किलो, ११० म्हणजे १,०६० किलो आणि ११६ म्हणजे १,२५० किलो. मागे दोनच चाके असतील तर या आकड्याची दुप्पट ही टायरांची कमाल मर्यादा झाली, तीही हवा कंपनीने सांगितलेल्या दाबाइतकी असेल तरच. हवा कमी आणि भार जास्त असला की टायरची बाजू सतत मुडपते व तापते. विदर्भाच्या मे महिन्यात रस्ता आधीच तापलेला असतो. अधिक भारांकाचे टायर बसवले तर टायर वाचेल, एवढेच. एक्सलची मर्यादा त्याने वाढत नाही.

हूक लावला, की गाडी ओढू लागली

पिकअपच्या मागच्या बंपरला हूक वेल्ड करून काँक्रीटचे मिक्सर यंत्र, जनरेटर किंवा पाण्याची छोटी टाकी ओढून नेण्याचे प्रकारही आढळतात. हौद्यात न बसणारे वजन मागे जोडले म्हणजे ते पासिंगमध्ये धरले जाणार नाही, हा समज चुकीचा आहे. ओढल्या जाणाऱ्या गाड्याला कायद्यात ट्रेलर म्हटले असून त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. शिवाय त्याच्या वजनाचा काही भाग हूकवर, म्हणजे मागच्या एक्सलच्या बऱ्याच मागे, टेकतो आणि वर सांगितलेला तराजूचा हिशेब तेथेही लागू होतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर तो थांबवण्याचे कामही पिकअपच्या ब्रेकवरच येते. वळणावर ब्रेक दाबल्यास मागचा गाडा पुढच्या गाडीला ढकलून आडवी करतो. बंपर तर धक्का सोसण्यासाठी असतो, ओढण्यासाठी नव्हे.

कायद्याचा हात किती लांब?

कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरील नोंदी विसंगत ठरतील असा बदल वाहनधारकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका उचलून धरली. जे बदल नियमांत बसतात ते मान्यता घेऊन करता येतात आणि त्यांची नोंद १४ दिवसांत परिवहन कार्यालयात द्यावी लागते. पाटे घालून एकूण वजन वाढवून घेणे हा त्यांतला प्रकार नाही. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली.

जादा भाराचा दंडही याच दुरुस्तीने बदलला. पूर्वी तो दोन हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे एक हजार रुपये होता. केंद्रीय कायद्यात आता तो २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये आहे. जादा माल तेथेच उतरवण्याचा खर्चही वाहनधारकाच्याच माथी येतो. वजन करून घेण्यास नकार दिल्यास दंड ४० हजार रुपये. अधिकाऱ्याला संशय आल्यास पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आत असलेल्या वजनकाट्यावर गाडी नेण्यास तो सांगू शकतो. हा दंड केवळ चालकासाठी नाही. वाहन चालवणारा, चालवायला लावणारा आणि चालवू देणारा असे तिघेही कलमाच्या शब्दांत येतात. ‘अजून चार पोती टाक’ म्हणणाऱ्या व्यापाऱ्याने हे वाक्य आवर्जून वाचावे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना दिलेल्या निर्देशांनुसार जादा भार वाहिल्यास किंवा मालवाहू गाडीत माणसे नेल्यास चालकाचा परवाना किमान तीन महिन्यांसाठी निलंबित होऊ शकतो.

मालावर माणसे बसवण्याची किंमत बुलडाणा जिल्ह्याने मोजलेली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सिंदखेडराजा तालुक्यातील तढेगावजवळ समृद्धी महामार्गाच्या कामासाठी लोखंडी सळया आणि मजूर एकत्र घेऊन निघालेला टिप्पर उलटला आणि १३ मजूर मृत्युमुखी पडले. वाहन पिकअप नव्हते, पण सळयांवर बसलेली माणसे हे दृश्य पिकअपच्या हौद्यातही नवे नाही.

‘सरकारनेच २०१८ मध्ये वजन वाढवून दिले’ असा एक युक्तिवाद ऐकू येतो. जुलै २०१८ च्या अधिसूचनेने एक्सलवरील कमाल वजनाच्या मर्यादा वाढवल्या हे खरे. दोन एक्सलच्या ट्रकची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर आणि तीन एक्सलच्या ट्रकची २५ टनांवरून २८.५ टनांवर गेली. पण ही अवजड वाहनांसाठीची वरची मर्यादा आहे. पिकअप तिच्या आसपासही नसते. तिचा आकडा उत्पादकाच्या चाचणीतून आलेला असल्याने त्या अधिसूचनेने तो वाढत नाही. चालकांना दिलासा मिळाला आहे तो वेगळ्या बाबतीत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार, हलक्या वाहनाचा परवाना असलेल्यास ७,५०० किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते. विमा कंपनीला परवान्याचे कारण पुढे करणे आता कठीण झाले आहे. जादा भार आणि न कळवलेले बदल ही कारणे मात्र तिच्या हाती कायम आहेत, आणि अपघातानंतर विमा अडला तर हप्त्यावर घेतलेल्या गाडीचे कर्ज तेवढेच उरते.

अवजड वाहनांनी रस्ते खचतात, हा आरोप पिकअपवरही होतो. त्यात अर्धेच तथ्य आहे. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या प्रसिद्ध रस्ता चाचणीतून असे दिसले, की रस्त्याची हानी एक्सलवरील वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. वजन २० टक्के वाढले तर हानी दुपटीवर जाते. याच हिशेबाने दहा टनांच्या एक्सलपुढे दोन टनांचा एक्सल सुमारे सव्वासहाशेपट कमी हानी करतो. महामार्गाला पिकअपचे ओझे फारसे नाही. ओव्हरलोड पिकअप रस्त्यापेक्षा स्वतःचीच हानी अधिक करते.

परदेशात जमते, ते येथे का नाही?

ऑस्ट्रेलियात पिकअपचे कायदेशीर एकूण वजन वाढवून घेण्याची रीतसर सोय आहे. पाटे, शॉकअब्सॉर्बर आणि गरजेनुसार इतर भाग यांचा मान्यताप्राप्त संच बसवला जातो, ब्रेकसह सर्व बाबी तपासल्या जातात आणि नवा आकडा गाडीवर पट्टी लावून नोंदवला जातो. तरीही गाडी व ट्रेलर यांच्या एकत्रित वजनाची मर्यादा आपोआप वाढत नाही. हौद्यात जास्त भरले, तर मागे ओढायचे वजन तेवढे कमी करावे लागते. अमेरिकेत पाट्यांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या सर्रास विकल्या जातात, पण त्या विकणाऱ्या कंपन्याही स्वतःच बजावतात, की या पिशव्यांनी वाहनाची ठरलेली वजनमर्यादा वाढत नाही. आपल्याकडे गाडी वापरात आल्यानंतर तिचे एकूण वजन वाढवून देणारी अशी सोय नाही. ती असावी का, हा चर्चेचा विषय होऊ शकेल. ती नसताना गॅरेजमध्ये बसवलेल्या पाट्यांना मात्र अधिकृत अर्थ उरत नाही.

ज्यांना खरोखरच रोज दोन टन माल न्यायचा आहे, त्यांच्यासाठी दोन टन पासिंगची गाडी घेणे किंवा त्याहून मोठ्या हलक्या ट्रककडे वळणे हाच सरळ मार्ग आहे. जुनी गाडी चालवायची तर थकलेले पाटे कंपनीच्या मूळ मापाचेच घालावेत, लायनर वेळेवर बदलावेत आणि भार ओळखणाऱ्या व्हॉल्व्हची दांडी जागेवर व मोकळी हलते आहे ना, हे प्रत्येक सर्व्हिसिंगला पाहावे. मालवाहू वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावेच लागते. पण त्या तपासणीपुरते जादा पाटे काढून पुन्हा बसवण्याने ब्रेकच्या स्थितीत काहीच फरक पडत नाही.

आपली गाडी मर्यादेत आहे की नाही, हे वजनकाट्यावर कळू शकते. नेहमीचा माल भरून, चालक व क्लीनर आत बसलेले असताना, आधी केवळ पुढची चाके काट्यावर घेऊन वजनाची पावती घ्यावी. मग पूर्ण गाडी चढवून दुसरी पावती घ्यावी. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की मागच्या एक्सलवरचे वजन मिळते. दुसरी पावती आरसीवरील एकूण वजनाशी आणि ही वजाबाकी एक्सलच्या नोंदीशी व मागच्या टायरांच्या भारांकाशी ताडून पाहावी. पुष्कळ गाड्यांत एकूण वजन थोडेसेच जास्त भरते आणि मागच्या एक्सलवरचे बरेच जास्त. तसे आढळल्यास निदान जड पोती फाळक्याजवळून काढून केबिनकडे सरकवण्याचे काम तेथेच, काट्यावर उभ्या उभ्या करता येते.